रंभाजीरावांनी शीव मोडिली आणि मग शोधिली, त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, आणि गडे हो, तुम्ही मध्येच बोलणार नाही ऐसे वचन घेऊन आरंभ करितो. शके अठराशे ऐंशी, विलंबी नाम संवत्सरे, अलीकडचे आणि पलीकडचे राज्य एक जाहाले. करविणारे आमचे रंभाजीराव. त्यांनी काय केले, तर शिवेचा दगड स्वहस्ते पहारीने फोडिला, आणि लोकांनी जयजयकार केला, आणि रावांस हुरूप ऐसा चढला की पुसू नका. मग त्याच आठवड्यात रावांच्या लेकीचे लग्न. वऱ्हाड पलीकडून आले, व्याही खंडोजीराव नवरदेवासह शिवेच्या जागी उन्हात उभे. आता सीमांतपूजन होईल, पाय धुतील, शेला देतील. आणि राव म्हणतात, "व्याहीबुवा, शीवच राहिली नाही, तर पूजन कशाचं? चला मांडवात!" खंडोजीराव दोन घटका तसेच उभे राहिले, मग कोरड्या पायांनी मांडवात आले, आणि पुढे वीस वर्षे रावांच्या घरचे पाणी प्याले नाहीत.

इकडे रावांनी शिवेचा पडीक माळ बळकावून वर टोलेजंग घर बांधिले, आणि मंत्रिपदे भोगिली, आणि मोठी खुर्ची काही मिळेना. मग रावांस साक्षात्कार जाहाला की अलीकडच्यांवर अन्याय होतो! "वेगळे व्हा" ऐसा पुकारा केला, आणि तेच लोक, तोच जयजयकार. वरून हुकूम आला की पौर्णिमेपावेतो जुनी शीव नेमकी दाखवा, तर राज्य वेगळे आणि राव मुख्य. नाही तर आहे तैसेच राहील. आता दगड फोडलेला, नकाशे रावांनीच होळीत घातलेले, आणि म्हातारे कोणी ओढा दाखवी, कोणी चिंच. आणि खुद्द रावांस, हुरुपाच्या भरात फोडिला तो दगड कोठे होता, ते आठवेना. तेव्हा त्यांचे कुटुंब गोजराबाई म्हणाल्या, "अहो, ज्यांना उन्हात उभं केलंत त्यांना विचारा की! त्यांना ती जागा पाठ असेल."

राव गेले. खंडोजीराव सुपारी कातरत म्हणाले, "दाखवतो. आधी पाय धुवा. सगळ्यांदेखत, शिवेवर."

"पण शीव कुठाय, तेच तर—"

"तुमच्या दारात धुवा. जवळ पडेल."

मग सारा गाव लोटला, आणि रावांनी गुडघे टेकून व्याह्यांचे, आणि टक्कल पडलेल्या जावयाचेही, पाय धुतले, शेले दिले. खंडोजीराव उठले, आणि ओल्या पावलांनी ओसरी, मग माजघर ओलांडून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले. "खणा इथं." खणिले, तो शिवेच्या दगडाचा बुडखा, शेंदरासकट! ओसरी अलीकडे, चूल पलीकडे. गोजराबाई पदर सावरून उंबऱ्यापल्याड गेल्या आणि म्हणाल्या, "लेक आणि मी आता एका राज्यात. तुम्ही यायचं तर अर्ज करा." आणि खंडोजीरावांनी चुलीपाशी बसून वीस वर्षांत पहिल्याने पाणी मागितले.

ऐसे राव मुख्य जाहाले, आणि ओसरीवर बसून राज्य करू लागले, आणि दोन्ही वेळच्या चहास परराज्याची मर्जी पाहू लागले. इतुके वर्तमान ठाऊक होते, ते सांगितले.