लिटरमागे साडेसहा

नालासोपाऱ्याजवळच्या गास गावचे बागायतदार श्री. फेबियन लोपीस यांच्या पिकअपने ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपल्यावर, लिटरमागे साडेसहा किलोमीटर अंतर कापले. एरवी हीच गाडी केळीचे घड आणि पालेभाजी भरून बाजारात जाताना लिटरमागे चौदा देत असे. फरक इतकाच, की त्या रविवारी तिच्यामागे एक घर जोडलेले होते.

घर म्हणजे कॅम्पर. दोन चाकांवरची पत्र्याची खोली, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. कॅनडातल्या मुलाने, रायनने, फोनवर फोटो पाठवला आणि वालीवच्या रामू मिस्त्रीने तो पाहून दोन महिन्यांत तसाच कॅम्पर उभा केला. फोटोत नसलेली एकच वस्तू त्यात होती: दोन्ही बाजूंना धरायला दांड्या असलेला कमोड. खरे तर आधी कमोड ठरला होता, मग त्याच्याभोवती कॅम्पर बांधला गेला.

फेबियनच्या पत्नीचे, हेलनचे, दोन्ही गुडघे बदललेले होते. तिला बसची पायरी चढवत नव्हती आणि रेल्वेतल्या डगमगत्या संडासाला ती मरणापेक्षा जास्त भीत होती. तिची थोरली बहीण जुलियाना लग्न होऊन मालवणला गेलेली. दोघींची भेट होऊन नऊ वर्षे झाली होती. वीस डिसेंबरला जुलियानाला पंचाहत्तर पूर्ण होणार होती.

"वाढदिवसाला मी तिच्या दारात पायजे," हेलन म्हणाली होती. "उशीर झाला तर पुढच्या भेटीला आमच्यातली कोण असेल, कोण नसेल."

म्हणून कॅम्पर. पण लिटरमागे साडेसहा म्हणजे मालवणच्या वाटेवर निम्मा वेळ पेट्रोलपंप शोधण्यातच जाणार. फेबियन काटकसरी माणूस होता. डिझेल भरताना त्याला पंपावर एक फलक दिसला: ‘गाडी जास्त इंधन पिते? आम्हाला विचारा. इंधन काटकसर प्रबोधन कक्ष.’ खाली फोन नंबर होता.

त्याने विचारले. ही त्याची चूक.

फोनवरच्या बाईंनी फार आपुलकीने सगळे ऐकून घेतले. नाव, गाव, गाडीचा नंबर, कॅम्परची लांबी-रुंदी-उंची. शेवटी म्हणाल्या, "धन्यवाद सर, तुमच्यासारखे जागरूक नागरिक फार कमी." चौथ्या दिवशी घरी नोटीस आली.

‘ज्याअर्थी आपण अतिरिक्त इंधन जाळत असल्याची कबुली स्वेच्छेने दिली आहे, त्याअर्थी आपले वाहन व त्यास जोडलेले वाहन (यापुढे "जोडी" असा उल्लेख) लिटरमागे किमान दहा किलोमीटर धावत असल्याचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत सदर जोडीने तालुक्याची हद्द ओलांडू नये.’

"जोडी म्हणजे आपण दोघं का?" हेलनने विचारले.

"गाडी आणि कॅम्पर."

"मग आपण दोघं जाऊ शकतो?"

"आपण जाऊ शकतो. कशात बसून, ते तेवढं राहिलं."

कक्षाचे कार्यालय मनवेलपाड्यात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होते. इंधन बचतीचा आदर्श घालून देण्यासाठी लिफ्ट बंद ठेवली होती. हेलन खालीच एका औषधाच्या दुकानासमोर खुर्ची मागून बसली. वर कक्षाधिकारी श्री. शत्रुघ्न किणी यांच्या केबिनमध्ये एसी सुरू होता आणि फार गार होते म्हणून खिडकी उघडी होती.

किणीसाहेब वाईट माणूस नव्हते. ते नियमाबाहेर एक शब्द बोलत नसत आणि नियमाबाहेर त्यांना काही सुचतही नसे.

"अंकल, टायरमध्ये हवा किती?"

"पुरेपूर."

"वेग किती ठेवता?"

"साठ. त्याच्यावर नाय जात. मागे घर असतं, वारा अडतो."

"बघा, शास्त्र तुम्हाला माहीत आहे! मग मायलेज कुठे जातं?"

"तेच विचारायला फोन केलेला, साहेब."

किणीसाहेबांनी फाईलवर लिहिले: ‘अर्जदारास कारण माहीत नाही.’ मग चाचणीची तारीख दिली.

पहिली चाचणी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. टाकी काठोकाठ भरायची, गासपासून नालासोपाऱ्यातून विरार फाट्यापर्यंत जाऊन परत यायचे आणि पुन्हा टाकी काठोकाठ भरून किती डिझेल गेले ते पाहायचे. जोडीच्या मागे कक्षाच्या दोन गाड्या होत्या. एकीत किणीसाहेब, दुसरीत फाईल.

"ह्या दोन गाड्यांचं डिझेल कोण मोजतं?" फेबियनने साधेपणाने विचारले.

"त्या मोजणाऱ्या गाड्या आहेत, अंकल. मोजणाऱ्या गाड्या मोजत नाहीत."

नालासोपाऱ्यात जोडीचा वेग ताशी नऊ किलोमीटर होता. एका ठिकाणी गटारासाठी रस्ता खणला होता, दुसऱ्या ठिकाणी तो खड्डा बुजवण्यासाठी खणला होता. विरारला पोचेपर्यंत हेलनने कॅम्परमधल्या शेगडीवर चहा करून पुढे फेबियनला आणि मागच्या गाड्यांतल्या सहा जणांना पाजला. किणीसाहेबांनी दोन कप घेतले आणि चहा चांगला असल्याचे तोंडी मान्य केले. निकाल लागला पाच पूर्णांक नऊ. शेरा: ‘चालकाने साठचा किफायतशीर वेग राखला नाही. शेगडी व गॅस सिलिंडर हे अनावश्यक वजन.’

शेगडी काढली. दुसऱ्या चाचणीला सात आले. मग पाण्याची टाकी काढली, पलंग काढला. साडेसात. प्रत्येक वेळी किणीसाहेब अभिनंदन करत. "प्रगती आहे, अंकल. योग्य दिशेने चाललाय." योग्य दिशा म्हणजे कुठली, हे मात्र नोटिशीत नव्हते.

नोव्हेंबरच्या अखेरीस कमोडचा प्रश्न आला.

"साहेब, कमोड राहू द्या," फेबियन म्हणाला. "सगळं त्याच्यासाठीच केलंय. बायकोचे गुडघे..."

"माझ्या आईचेही गुडघे दुखतात," किणीसाहेब मनापासून म्हणाले. "पण तक्त्यात गुडघ्यांसाठी रकाना नाही. कमोड चौतीस किलोचा आहे. चौतीस किलोसाठी रकाना आहे."

कमोड काढून ओटीवर ठेवला. गावातले लोक येता-जाता त्याच्याकडे पाहत आणि न बोलता पुढे जात. फक्त शेजारची पुतळाबाई एकदा थांबून म्हणाली, "हेलन, वास्तू चांगली हाय, पन तोंड उत्तरेला पायजे होतं."

आठ पूर्णांक एक.

आता कॅम्परमध्ये कॅम्पर सोडून काही उरले नव्हते. तेव्हा कक्षाने उंचीकडे लक्ष वळवले. पिकअपच्या टपापेक्षा कॅम्पर तीन फूट उंच होता आणि वारा तिथेच अडत होता. ह्यात शास्त्रीयदृष्ट्या काहीच चूक नव्हती. तीन फूट कमी करण्याचा लेखी सल्ला मिळाला.

रामू मिस्त्रीने वालीवला कटर हातात घेऊन बराच वेळ कॅम्परकडे पाहिले. "शेठ, मी बनवलेलं मीच कापू?"

"काप. वीस तारखेच्या आत जायचंय."

"तीन फूट कापलं तर आत उभं कोण राहणार?"

"उभं नाय राहायचं, रामू. जायचंय."

रामूने कापले. छप्पर त्याने फेकले नाही, शेडच्या भिंतीला टेकवून ठेवले आणि त्यावर खडूने ‘लोपीस’ असे लिहिले. पुढच्या चाचणीत नऊ पूर्णांक दोन आले.

डिसेंबरची बारा तारीख. हेलन नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर येऊन बसली. ती प्रत्येक चाचणीला येत असे. मालवणला जायचा सराव होतो, असे ती म्हणे, आणि मांडीवर जुलियानासाठी विणलेली शाल घेऊन बसे. किणीसाहेब खिडकीशी आले. त्यांनी आधी घसा साफ केला, मग तक्ता पाहिला, मग पुन्हा घसा साफ केला.

"आंटी, तुमचं वजन?"

हेलनने नवऱ्याकडे पाहिले.

"कशाला?" फेबियन म्हणाला.

"वैयक्तिक काही नाही. नऊ पूर्णांक दोन आहे, दहा पाहिजे. तक्त्यात चालक हा आवश्यक भार आहे. बाकीचे प्रवासी हे..." त्यांनी वाक्य तिथेच सोडले. तक्त्यात ते पूर्ण छापलेले होते.

दार उघडून, दांडीला धरून, आधी एक आणि मग दुसरा पाय खाली टेकवून हेलन उतरली. शाल सीटवरच राहिली. तिची घडी नीट करून ती म्हणाली, "ही न्या. हिचं वजन नाय फार." आणि हळूहळू घराकडे चालू लागली.

फेबियनने त्या दिवशी गाडी चालवली, पण रस्ता त्याला दिसला नाही. नऊ पूर्णांक सहा आले. परत आल्यावर त्याने किणीसाहेबांना रस्त्यातच विचारले, "साहेब, समजा मी पण उतरलो तर दहा येईल?"

किणीसाहेबांनी हा टोमणा आहे असे समजले नाही. त्यांनी गणित केले. "येईल. पण मग चालवणार कोण?"

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःहून मार्ग काढला. हा मार्ग काढताना ते दोन दिवस जेवलेही वेळेवर नव्हते, असे कार्यालयात सांगितले जाते. कॅम्पर एका मोठ्या ट्रकवर चढवायचा आणि पिकअपने ट्रकच्या मागून मोकळे धावायचे. नियमात ‘जोडीने एकत्र प्रवास करावा’ एवढेच होते, दोघांमध्ये लोखंडी दांडा हवाच असे कुठे लिहिलेले नव्हते. सतरा डिसेंबरला चाचणी झाली. मोठा ट्रक पुढे, त्यावर छप्पर नसलेला रिकामा कॅम्पर, मागे फेबियनची पिकअप, तिच्यामागे मोजणाऱ्या दोन गाड्या. पिकअपने लिटरमागे चौदा दिले.

"आणि ट्रकचं?" फेबियनने विचारले.

"ट्रक आपल्या कक्षाकडे येत नाही. ट्रकचा कक्ष वेगळा आहे. अजून स्थापन व्हायचाय."

प्रमाणपत्र तिथल्या तिथे मिळाले. गोल शिक्का, निळी सही. अट क्रमांक चार: ‘जोडीने यापुढील सर्व प्रवास चाचणीवेळच्याच स्थितीत करावा.’ म्हणजे मालवणला जायचे तर पुढे ट्रक हवा, कॅम्पर रिकामा हवा आणि हेलन घरी हवी.

फेबियनने प्रमाणपत्र घरी आणून टेबलावर ठेवले. हेलनने चष्मा लावून ते दोनदा वाचले.

"छान छापलंय," ती म्हणाली आणि मालवणला फोन लावला. "जुली, मी येत नाय गं. माझं वजन जास्त भरलं."

पलीकडून जुलियाना काय बोलली ते फेबियनला ऐकू आले नाही. हेलन मात्र फोन ठेवून ओटीवर, त्या कमोडशेजारी, जाऊन बसली.

वीस तारखेला सकाळी दहाच्या सुमाराला गासच्या चर्चपाशी एक रिक्षा थांबली. तिच्यातून पंचाहत्तर वर्षांची एक बारीकशी बाई उतरली, हातात काठी, खांद्याला पिशवी, पिशवीत कोकमाची सोलं आणि घरचे काजू. रात्रभर बसने प्रवास करून ती आली होती. वाटेत तिला दोनदा उलटी झाली होती आणि शेजारच्या प्रवाशाशी एकदा भांडण झाले होते.

"नऊ वर्षं तुझ्या गुडघ्यांची वाट बघितली," जुलियाना अंगणातूनच ओरडली. "म्हटलं, माझे अजून चालतायत!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, मग रडल्याबद्दल एकमेकींना रागावल्या. फेबियन आत जाऊन उगाचच पाणी प्यायला.

दुपारी रामू मिस्त्री छप्पर घेऊन आला. त्याने ते पुन्हा जोडले. पलंग, शेगडी, टाकी, कमोड, सगळे जागच्या जागी गेले. जुलियानाने कॅम्पर पाहिला आणि घरात राहायला साफ नकार दिला. पुढचे तीन आठवडे दोघी बहिणी अंगणात, चिकूच्या झाडाखाली, त्या चाकांवरच्या खोलीत राहिल्या. नाताळचे नेवरे, म्हणजे करंज्या, त्यांनी तिथेच केले. कॅम्पर एक इंचही हलला नाही. शाल जुलियाना उन्हातसुद्धा पांघरून बसे.

जानेवारीत कक्षाचे पत्र आले. किणीसाहेबांनी वार्षिक आढावा घेतला होता. तालुक्यातल्या नोंदलेल्या जोड्यांपैकी लोपीस यांच्या जोडीने प्रमाणपत्र मिळाल्यापासून एक थेंबही इंधन जाळले नव्हते. इंधन काटकसरीचा पहिला पुरस्कार त्यांना जाहीर झाला.

समारंभ विरारच्या एका मोठ्या सभागृहात होता. मान्यवर आले, दीप उजळला, इंधनावर पाच भाषणे झाली. फेबियनला स्टेजवर बोलायला भीती वाटत होती, म्हणून ढाल घ्यायला हेलन गेली. किणीसाहेबांनी तिला हात देऊन पायऱ्या चढवल्या. तिने ढालीवरची अक्षरे वाचली आणि माइक हातात घेतला.

"साहेब, लिटरमागे किती धरलंत?"

"आंटी, शून्याने भागता येत नाही," किणीसाहेब अभिमानाने म्हणाले. "म्हणून आम्ही ‘अमर्याद’ लिहिलंय."

"म्हणजे सगळ्यांनी घरीच बसायचं?"

"आदर्श परिस्थितीत, हो."

सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाहेर आवारात त्या वेळी एकशे बारा गाड्या उभ्या होत्या. समारंभ संपल्यावर गाडीत बसताना उकडू नये म्हणून त्यांच्यातल्या बहुतेकांची इंजिने अडीच तास सुरूच होती. सगळ्या गाड्यांत मिळून माणसे आली होती एकशे एकवीस.

वाचकहो, फाटकाजवळची करडी गाडी आपलीच होती ना? आपण उभे राहून टाळ्या वाजवत होता, म्हणून तेव्हा विचारले नाही.