काळ्या रंगाचं मडकं

मडक्यावरचं फडकं काढलं आणि रंभाच्या छातीत धस्स झालं. गुळाच्या पाण्यात गंजके खिळे आंबवून ती कपड्यांसाठी काळा रंग करत होती; पण वास थेट दारूचा येत होता. आणि गडचिरोली जिल्ह्यात तर दारूबंदी!

कुरखेड्याजवळच्या त्या गावात रंभा 'झाडीरंग' नावाने कुर्ते शिवून विकायची. बाजारातल्या रंगाचं पाणी तलावात जायचं, मासे उलटे पडायचे. म्हणून तिने पळसफुलं, हिरडा, गूळ-खिळे यांचे रंग धरले होते. तिने मडकं भाताच्या तणसाच्या ढिगात लपवायला उचललं, तोच फाटक वाजलं.

वासाच्या मागावर दारूबंदी समितीच्या बाया काठ्या घेऊन आत शिरल्या. पुढे त्यांची म्होरकी रीताबाई.

"काय लपवून राह्यली, रंभे?"

"रंग हाय, बाई."

"रंग असा वास मारते काय? बोलवा गं पोलिसाले!"

"नाई बाई, पाया पडतो! मामाजीले विचारा."

मामाजी म्हणजे तिचे सासरे गुणवंतराव, दारूबंदी समितीचे अध्यक्ष. ते पडवीत खोकल्यासाठी हिरडा चघळत बसले होते.

"भाऊ, ही दारू हाय का रंग?" रीताबाईने विचारलं.

गुणवंतरावांनी नुसतीच मान हलवली.

"तोंडानं सांगा ना!"

त्यांनी ओठ आणखी घट्ट मिटले. सासराच साक्ष देईना, म्हणजे आता ठाणं आणि गावभर नाचक्की. रंभाला रडू फुटलं.

तेवढ्यात गुणवंतरावांना खोकल्याची उबळ आली आणि तोंड उघडलं. जीभ, दात, सगळं काळंकुळकुळीत!

बाया घाबरून मागे सरकल्या. रंभाच्या मात्र लक्षात आलं. खिळ्यांचं पाणी हिरड्याला लागलं की काळं होतं. कापडही ती असंच रंगवायची.

"मामाजी, मडक्यातलं पेले का?"

"घोटभर," गुणवंतराव पुटपुटले. "वास आला, म्हून पाह्यलं."

काठ्या खाली आल्या. रीताबाईने तोंडाला पदर लावला. "रंगच हाय गं. पण अध्यक्ष नवा पाहा लागन."

बाया गेल्यावर रंभाला नवीच धडकी भरली. "पोटात काई होऊन राह्यलं का, मामाजी?"

"पोटाचं मरू दे. उद्या तालुक्याले माह्यं भाषण हाय. हा रंग जाते ना, पोरी?"

गिऱ्हाइकांना ती छातीठोकपणे सांगायची, कापड फाटेल पण रंग जाणार नाही. सासऱ्यांपुढे मात्र तिने दात घासायची राखुंडी ठेवली.