दरोगाजी म्हणत, हलवायचं नाही

आमच्या घरमालकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडाकडे पाहिलंच नाही, घोटे पाहिले. मी टांग्यातून उतरत होते, नुकताच पाचवा महिना लागला होता. ते दारात कमरेवर हात ठेवून उभे होते. मला जिना चढू दिला आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "घोटे फस्टक्लास आहेत, भिया. बिलकुल फिकर करू नका."

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

घरमालक म्हणजे दरोगाजी. संस्थानाच्या पागेवर दरोगा म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, पागा मोडली, घोडे कुठं कुठं गेले आणि दरोगाजी स्नेहलतागंजातल्या आपल्या घरी येऊन बसले. बायको फार वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. खाली ते एकटे राहत, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. आता हाताखाली घोडे नव्हते, म्हणून ते माणसांवर भागवत. दूधवाल्याला "तोंड फार ओढतोस" म्हणत. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून असलेल्या आमच्या ह्यांना त्यांनी एका नजरेत "ओझ्याचा आहे, शर्यतीचा नाही" असं ठरवून टाकलं होतं. हे आठवडाभर माझ्याशीसुद्धा धड बोलले नाहीत.

मी मात्र त्यांच्या फार कामाची निघाले. एकशे सात घोड्यांची बाळंतपणं त्यांनी स्वतः काढली होती. रोज सकाळी भिजवलेल्या हरभऱ्याची बादली वर यायची. मग गच्चीवर चालणं. मी कठड्याच्या कडेनं गोल गोल फिरायची आणि ते मधोमध उभे राहून जिभेनं टच् टच् आवाज करायचे. लाज वाटायची, पण पावलं आपोआप जलद पडायची.

हसता हसता हे सगळं सांगतेय खरी, पण त्या चार महिन्यांत मी मनातून अर्धमेली झाले होते. माझी आई धाकट्या भावाच्या वेळी घरातच गेली. थोरली बहीण दवाखान्यात गेली ती परत आली नाही. त्यामुळे मला भीती दोन्हीकडची होती आणि सारखीच होती. माहेरी करणारं कोणी नव्हतं, सासूबाई ग्वाल्हेरला अंथरुणाला खिळलेल्या. घरी की दवाखान्यात, हा प्रश्न माझ्या ताटात, पाण्यात, स्वप्नात यायचा.

ह्यांचं म्हणणं दवाखाना. त्यांनी मला नेऊन डॉक्टरीणबाईंना दाखवलं, नाव घातलं, कागद आणला. दरोगाजींनी तो कागद लांब धरून वाचला आणि परत दिला.

"घोडी कधी दवाखान्यात जाते का? तिची जागा, तिचं गवत, तिचा वास. तिथून हलवलं की ती घाबरते, आणि घाबरली की अडते. हलवायचं नाही."

"हो, पण ही घोडी नाहीये," हे म्हणाले.

"वही तो! घोडी समजदार असते."

हलवायचं नाही, हा त्यांचा मंत्र होता. गल्लीत कोणाला दिवस गेले की न बोलावता जाऊन ते एवढं सांगून येत. शिंगरू कसं येतं हेही मला इतक्या वेळा सांगितलं होतं की पाठ झालं: आधी पुढचे दोन पाय, मग त्यांवर टेकलेलं नाक. मला ऐकून शहारा यायचा. पण ते खात्रीनं बोलत आणि आमचे हे "बहुतेक", "शक्यतो" म्हणत बोलत. भ्यालेल्या माणसाला खात्री हवी असते. मी सांगून टाकलं, घरीच.

दिवस भरले. सकाळी हे कामावर गेल्यावर कळा सुरू झाल्या. दरोगाजींनी स्वतः जाऊन दाईला आणलं आणि दाराबाहेर जिन्यावर बसून राहिले. अधूनमधून त्यांचा आवाज यायचा, "शाब्बास बेटा, शाब्बास." दाई गेंदाबाई तोंडानं भारी चालू, सगळ्या गल्लीच्या कुचाळक्या तिच्यापाशी. दुपारी दोनच्या सुमाराला ती बोलायची थांबली. मला आईच्या वेळचं घर आठवलं. तिथंही आधी सगळे असेच गप्प झाले होते.

गेंदाबाई दार लोटून बाहेर गेली.

"पग दिखी रियो है, दरोगाजी." डोक्याऐवजी पाय आधी येत होता.

"एक का दोन?"

"एक."

तशी जिन्यावरून धाडधाड पावलं उतरली. सत्तरीच्या घरातले दरोगाजी पळत होते.

ते टांगा घेऊनच आले. मागच्या बैठकीवर गादी घातली, मला दोघांनी उचलून ठेवलं. गेंदाबाई माझ्याजवळ बसली. टांगेवाल्याला त्यांनी पायरीवर उभं केलं आणि लगाम स्वतः हातात घेतला. मी पुष्कळ टांग्यांत बसले आहे, पण तसा टांगा कोणी हाकलेला मी पुन्हा पाहिला नाही. एक खड्डा लागला नाही. ते सारखे बोलत होते, "आरामसे बेटा, बस, बस, पोचलोच," आणि ते घोड्याला चाललंय की मला, हे मला कळत नव्हतं.

मी मरणार हे मला अगदी ठरल्यासारखं वाटत होतं. मरणाऱ्या माणसाला भीड नसते. मी विचारलं, "दरोगाजी, हलवायचं नाही म्हणालात ना?"

त्यांनी मान वळवली नाही.

"आमच्या हिचंही असंच पाऊल आलं होतं," ते म्हणाले. "तिचा भाऊ टांगा घेऊन दारात आला होता. शिंगरू पायांनीच येतं, बेटा. मी म्हटलं, बरोबर चाललंय. टांगा परत पाठवला. बावीस वर्षं झाली."

गल्लीतल्या दारोदार ते काय सांगत फिरत होते, आणि कोणाला पटवत होते, ते मला तेव्हा कळलं. एवढ्या कळांतही मला त्यांचा राग आला आणि दयाही आली.

पुढचं फारसं आठवत नाही. दिवे लागायच्या आत मुलगी झाली. पायाळू, निळसर, पण जिवंत. तिचं रडणं ऐकलं तेव्हा मीही मोठ्यानं रडले. मला पडद्याआडच्या खाटेवर आणून निजवलं. पलीकडे टेबलाशी डॉक्टरीणबाई लिहीत बसल्या होत्या. दरोगाजींचा आवाज ओळखू येईना, इतका बारीक झाला होता.

"बाईजी, हे घरी झालं असतं का?"

"दाईच्या हातून? नाही हो. डोकं अडकलं असतं. वेळेवर आणलंत, बाबा."

"आणि बावीस वर्षांपूर्वी कोणी आणली असती, तर?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, नाही म्हणा. पण त्यांना काय ठाऊक? त्या लिहिता लिहिता अभिमानानं म्हणाल्या, "हो, तेव्हाही सोडवत होतेच की. आमच्या आधीच्या बाईंचा तर यात हातखंडा होता."

"अच्छा," दरोगाजी म्हणाले.

शेवटी मीच हाक मारली, "दरोगाजी, मुलगी बघायला या ना."

ते आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. मुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काही तरी नेहमीसारखं बोलतील म्हणून मी वाट पाहत होते.

"आमची ही म्हणत होती," ते म्हणाले, "जाऊ या म्हणून."