बापूंच्या बल्बाला आलेलं स्थळ

आमच्या तांबोळ फाट्यावर गाडीच्या वायरिंगला कुठलं साधन लावून बघायचं ते मिस्त्री ठरवत नाही, गाडी ठरवते, आणि त्यासाठी आधी रीतसर दाखवण्याचा कार्यक्रम होतो. बाहेरगावचे लोक हे ऐकून हसतात. हसोत बापडे. त्यांच्याकडे गाडीला न विचारताच मीटर लावतात आणि मग रीडिंग खोटं आलं म्हणून गावभर बोंबलत फिरतात. न विचारता अंगाला लावलेल्या साधनाला कुठली गाडी खरं सांगेल?

मी इंदू बोऱ्हाडे. फाट्यावर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. आधी ते बापूंचं होतं, म्हणजे माझ्या वडिलांचं. माझ्याकडे साधनं तीन. एक स्कॅनर, जो गाडीच्या सॉकेटात बसवला की पडद्यावर आकडे दाखवतो आणि स्वतःला फार शहाणा समजतो. दुसरा मल्टिमीटर. पिवळा, देखणा, व्होल्ट अगदी दशांशापर्यंत सांगणारा. आणि तिसरा बापूंचा बल्ब.

हा बल्ब म्हणजे जुन्या ट्रकच्या इंडिकेटरचा दिवा, त्याला दोन वायरी, एका वायरीला चिमटा आणि दुसरीला सायकलचा आरा घासून केलेली सुई. करंट असला की पेटतो, नसला की नाही. बापूंनी तो माझ्या जन्माच्या वर्षी केला. मी दुकानात रडायला लागले की ते त्याला बॅटरीला लावून मला दाखवायचे आणि मी गप्प व्हायचे, असं आई सांगायची. बापू गेले, त्यांची खुर्ची गेली, घड्याळ गेलं. बल्ब राहिला.

आणि त्याच बल्बाला दोन नकार आलेले होते.

फाट्यावर साधन-पसंती मंडळ आहे आणि त्याचे सचिव निसळ भाऊसाहेब. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, काखेत नोंदवही. त्यांच्या नियमाप्रमाणे गाडीनं एक हॉर्न दिला तर होकार, दोन दिले तर नकार. हॉर्न गाडीनं आपणहून द्यायचा. कुणी दाबून वाजवलेला मंडळ धरत नाही. गाडी गप्प राहिली तर ती लाजली असं समजून होकार लिहायचा. आणि हॉर्न सलग, न थांबता वाजला तर ती कायमची पसंती. मग साधन गाडीच्या घरी नांदायला जातं. या गोष्टीआधी असं एकदाच झालं होतं, एका ट्रॅक्टरच्या बाबतीत. कलम सात मात्र सगळ्यांना पाठ आहे. तीन नकार आले की साधन भंगारात.

बल्बाला ते दोन नकार नव्या गाड्यांनी दिले होते. त्यांचंही चुकलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? बल्ब स्वतः पेटण्यासाठी करंट ओढतो, आणि नव्या गाड्यांतल्या कंप्युटरचा जीव तो केवढा! त्यांना ते सोसत नाही. तेव्हापासून मी बल्बाला दाखवायलाच काढत नव्हते. फडक्यात गुंडाळून गल्ल्यामागच्या फळीवर ठेवला होता. लेकराला उजवायचं वय झालंय आणि आईच स्थळं लपवतेय, असं निसळ भाऊसाहेब मला तोंडावर म्हणाले होते.

दिवाळी आठ दिवसांवर आली आणि रंगनाथ उगलेचा टेम्पो बंद पडला.

रंगनाथची फिरती गिरणी आहे. टेम्पोतच जातं बसवलंय आणि तो वस्त्यावस्त्यांवर जाऊन दळण दळून देतो. पाच वस्त्यांतल्या बायकांच्या चकलीच्या भाजणीचे डबे त्याच्या टेम्पोत होते. टेम्पो मात्र चावी फिरवली की नुसता टक् करायचा आणि गप्प.

"ताई, काही करा," रंगनाथ म्हणाला. "डब्यांवर नावंसुद्धा टाकली नाहीयेत. बायका मला उभा चिरतील."

"नावं टाकली असती तर आडवा चिरला असता का?" मी म्हणाले आणि भाऊसाहेबांना निरोप धाडला.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दहाला ठेवला. टेम्पोचं बॉनेट उघडलं, पुढं सतरंजी अंथरली, पोहे झाले. स्कॅनरला ताटातून आणलं, पण टेम्पोला त्याचं सॉकेटच नव्हतं.

"पत्रिका जमत नाही," भाऊसाहेबांनी लिहून घेतलं.

मग मीटर पुढं केला. भाऊसाहेबांनी टेम्पोकडे बघून खाकरून विचारलं, "मुलगा मल्टिमीटर. आकडी बोलतो. निर्व्यसनी आहे, करंट जवळजवळ ओढतच नाही. पसंत आहे का?"

टेम्पो गप्प.

"लाजली," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी होकार लिहिला.

मीटर लावला. बॅटरीवर बारा पॉइंट सहा. सेल्फला येणाऱ्या जाड वायरीवर बारा पॉइंट सहा. फ्यूजवर तेच, हॉर्नच्या वायरीवरही तेच. मीटरच्या मते गाडीला काहीही झालेलं नव्हतं. रंगनाथनं चावी फिरवली. टक्.

"निरोगी आहे," भाऊसाहेब म्हणाले. "नोंद झाली."

"अहो, निरोगी आहे तर चालत का नाही?" रंगनाथ रडकुंडीला आला.

"ते मंडळाच्या कक्षेत येत नाही."

असे दोन दिवस गेले. मीटर रोज लावायचा, तो रोज बारा पॉइंट सहा सांगायचा. पाचही वस्त्यांवरून माणसं यायला लागली. एक म्हातारी तर आपला डबा कुठला ते वासावरून ओळखते म्हणून टेम्पोत चढली आणि तिघींचे डबे घेऊन उतरली.

तिसऱ्या दिवशी मी फळीकडे बघत बसले. मला ठाऊक होतं काय करायला हवं. मीटर वरवर हात लावून बघतो, त्याला विजेच्या वाटेत गंज असला तरी व्होल्ट पुरे दिसतात. बल्ब ओझं टाकून बघतो. वाट खरंच धड असेल तरच तो पेटतो. पण नकार आला तर बल्ब भंगारात जाणार. त्याचं पितळ वितळणार. एकदा वाटलं, राहू दे, चकल्या नसल्या तर कुणी मरत नाही. मग वाटलं, बापू असते तर त्यांनी मला फोडून काढलं असतं. दिवा पेटायला केलाय, फळीवर ठेवायला नाही.

मी फडकं सोडलं.

"आधी मीटरची काडीमोड," भाऊसाहेब म्हणाले. अर्ज झाला, रंगनाथची सही झाली, मीटर बंद करून त्याची संमती घेतली. मग बल्ब ताटात ठेवला. मी त्याच्या काचेला पदर लावून पुसलं.

"मुलगा बल्ब. शिक्षण नाही. करंट ओढतो, लपवत नाही. आधी दोन नकार आहेत. पसंत आहे का?"

टेम्पो गप्प. होकार लिहिला गेला. माझा श्वास सुटला, पण तो अर्धाच. कारण कलम अकराप्रमाणे, बल्ब लावल्यावर पेटला नाही तर तो वागण्यातून दिलेला नकार समजतात.

मी चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला, सुई प्लसला. बल्ब लख्ख पेटला. भाऊसाहेबांनी मान डोलावली. मग मी चिमटा काढून टेम्पोच्या पत्र्याला लावला. सुई तिथंच, प्लसवर.

बल्बात केसाएवढी लाल रेघ आली आणि विझली.

"नकार," भाऊसाहेब म्हणाले. "तिसरा."

"अहो थांबा! हा नकार नाही, हे उत्तर आहे! गाडीची अर्थिंग गेलीय, पत्र्यापर्यंत मायनसच पोचत नाही!"

"पेटला का?"

"नाही, पण..."

"मग नकार." आणि त्यांनी लिहिलं. भाऊसाहेब वाईट नाहीत. लिहिताना त्यांनी चष्मा काढून पुसला.

मी त्यांच्याशी वाद घालत बसले नाही. सरळ टेम्पोखाली शिरले. बॅटरीची मायनस पट्टी पत्र्याला जिथं बोल्टनं कसलेली असते तिथं गंजाची हिरवट-पांढरी बुरशी माजली होती आणि तिच्यावर पिठाचा थर बसून दगड झाला होता. बोल्ट काढला, पट्टी घासली, पत्रा घासला, पुन्हा कसून आवळला. म्हणजे टेम्पो लाजत वगैरे नव्हता. त्याच्या हॉर्नला अर्थिंगच मिळत नव्हती. तीन दिवस आम्ही एका मुक्या गाडीचे होकार लिहीत होतो.

"मार चावी," मी खालूनच ओरडले.

टेम्पो सुरू झाला. रंगनाथनं आनंदाच्या भरात दार ढकलून खाली उडी मारली, आणि त्याच क्षणी हॉर्न वाजायला लागला. सलग. थांबेचना. फाट्यावरची माणसं हॉटेलातून बाहेर आली. भाऊसाहेब उभे राहिले, त्यांनी घड्याळ लावलं आणि नोंदवही उघडली.

रंगनाथ माझ्याजवळ आला आणि कानाशी लागून म्हणाला, "ताई, उतरताना माझं कोपर लागलं बहुतेक. बटण आत अडकलंय."

"गप्प बस," मी म्हणाले.

पुरी दोन मिनिटं हॉर्न वाजला. "कायमची पसंती," भाऊसाहेब मोठ्यानं म्हणाले. "ती आली की आधीचे सगळे नकार रद्द होतात. मात्र साधन टेम्पोच्या घरी जाईल, घरजावई म्हणून. हॉर्न गाडीनं आपणहून दिला, याला मुलाकडच्यांचा काही आक्षेप?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बल्बाकडे बघितलं. आक्षेप घेतला तर भंगार. नाही घेतला तर उद्यापासून फळी मोकळी. चाळीस वर्षं तो माझ्या हाताशी होता, अंधाऱ्या बॉनेटात डोकं घालताना दुसरं कुणी नसायचं, तो असायचा. माझे डोळे भरून आले.

मी गप्प राहिले.

आमच्याकडे गप्प राहिलं की काय लिहितात ते तुम्हाला आता माहीत आहे.

बल्बाची पाठवणी मी साग्रसंगीत केली. चिमट्याला नवी स्प्रिंग, वायरींना नवी टेप. "जास्त ओढू नकोस," एवढंच त्याला सांगितलं. रंगनाथनं बटण सोडवलं, बल्बाला स्टिअरिंगशेजारी खुंटीवर टांगलं आणि भाजणीचे डबे वाजवत टेम्पो गेला. त्या रात्री मी मीटरशी एक शब्द बोलले नाही.

पाडव्याला सकाळी टेम्पो दुकानासमोर येऊन उभा राहिला. सुनेचा पहिला सण, आणायलाच हवं होतं. रंगनाथ नवा सदरा घालून आला होता, हातात चकल्यांचा डबा. मी टेम्पोच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं. निसळ भाऊसाहेब आले होते, पण नोंदवही घरी ठेवून.

मी बल्बाला पाटावर ठेवलं. बापूंनी जिथं तो पहिल्यांदा पेटवला होता तिथं, दुकानाच्या उंबऱ्याशी. चिमटा टेम्पोच्या पत्र्याला लावला, सुई बॅटरीच्या प्लसला.

पाडव्याला बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं असतं. टेम्पोनं हेडलाइट लावले, एकदा वर, एकदा खाली, तीनदा. बल्ब लख्ख पेटला होता.

"ओवाळणी?" रंगनाथनं विचारलं.

मी बल्बाच्या वतीनं कनवटीचा नवा फ्यूज काढून ताटात टाकला.