अंधाराची अर्ध्या दिवसाची रजा

देवळखेडच्या नाट्यगृहातला अंधार हा नगरपालिकेचा कायम कर्मचारी होता, आणि तो कामावर असेपर्यंत रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा फोटोत येत नसे. त्याची मूळ नेमणूकच त्या कोपऱ्यावर होती. बाकीच्या नाट्यगृहात त्याने जमेल तसं फिरायचं, पण डावा कोपरा सोडायचा नाही, असं त्याच्या नेमणूकपत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं.

इंदुमती दळवीने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. वडिलांच्या मागे दळवी फोटो स्टुडिओ ती चालवत होती आणि गावातल्या प्रत्येक नाटकाचे फोटो काढायचं काम तिच्याकडेच असे. नाट्यगृहात दिवे होते दोन. त्यातला एक मनाला येईल तेव्हा लागायचा. असल्या उजेडात फोटो काढायचा म्हणजे खांबाला पाठ टेकायची, श्वास रोखायचा आणि नट बोलता बोलता क्षणभर थबकेल त्याची वाट बघायची. कोण कुठे थबकतं हे तिला पाठ होतं. नायिका पदर सावरताना थबकायची, खलनायक हसून झाल्यावर. फ्लॅशला बंदी होती. तिच्या वडिलांनी एकदा फ्लॅश मारला होता, तेव्हा कर्तव्य बजावत असताना अंगावर प्रकाश टाकल्याची लेखी तक्रार अंधाराने केली होती आणि वडिलांना माफीनामा द्यावा लागला होता.

एका सोमवारी सकाळी अच्युतराव खर्शीकर स्टुडिओत आले. पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. गावच्या नाट्यमंडळात छत्तीस वर्षं काम करत होते. आवाज भारदस्त, त्यामुळे डॉक्टर, वकील, फौजदार अशी माणसं त्यांच्या वाट्याला यायची, आणि ही माणसं का कोण जाणे नेहमी डाव्या दारातून येऊन डावीकडेच उभी राहायची.

"इंदूताई, शनिवारी स्पर्धेचा प्रयोग आहे. माझा शेवटचा," ते म्हणाले. "मग आम्ही दोघं मुलीकडे भोपाळला चाललो, कायमचे. मला एक फोटो हवाय. नाटकातला. चेहऱ्यासकट."

इंदुमतीने कपाटातून जुने अल्बम काढले. दोघांनी मिळून छत्तीस वर्षं चाळली. एका फोटोत अच्युतरावांचं कोपर होतं. एकात बूट होते. एका ऐतिहासिक नाटकात अर्धी मिशी आली होती, पण ती त्यांची की मागच्या पडद्यावरच्या सिंहाची, हे ठरवता येईना.

"हा हात माझाच ना?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच. अंगठी ओळखीची आहे."

अच्युतरावांनी अल्बम मिटला. मग म्हणाले, "नातीला मी सांगतो, तुझा आजोबा नट आहे. ती हे सगळे फोटो बघते आणि म्हणते, आजोबा, तुम्ही त्या दिवशी आजारी होता का?"

त्यांनी हे हसत हसत सांगितलं, पण चष्मा मात्र दोनदा पुसला. इंदुमतीने दुपारी स्टुडिओला कुलूप घातलं आणि ती नगरपालिकेत गेली.

आस्थापना विभागात पाचपुते नावाचे हेडक्लार्क बसत. त्यांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे शनिवारी अंधाराने त्या कोपऱ्यातून बाजूला व्हावं. किती वेळ?"

"सेकंदाचा पंधरावा भाग. हात स्थिर ठेवला तर तेवढं पुरतं मला."

पाचपुत्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "अर्ध्या दिवसापेक्षा कमी रजा देता येत नाही, बाई."

"मग अर्धा दिवस द्या."

"मी कसा देणार? अर्ज कर्मचाऱ्याने करायचा असतो. तुम्ही त्याच्याशी बोला. मात्र एक सांगतो, इतक्या वर्षांत त्याने एकही रजा घेतलेली नाही. माणूस कामसू आहे."

नाट्यगृह दुपारी बंद असे. चौकीदाराने दार उघडून दिलं. अंधार डाव्या कोपऱ्यात बसला होता. तिला पाहून तो जरा सरकला आणि त्याने बसायला जागा करून दिली.

"दादा, मी दळवींची इंदू."

"ओळखलं. खांबाला टेकून उभी राहतेस ती तूच. श्वास फार वेळ रोखू नकोस, चक्कर येईल एखाद्या दिवशी."

तिने सगळं सांगितलं. अंधार मन लावून ऐकत होता. मधूनच त्याने "कोपर आलंय ना पण?" असं विचारलं आणि ती "आलंय" म्हणाल्यावर त्याला जरा बरं वाटलं असावं.

"अच्युतरावांबद्दल माझ्या मनात काही नाही," तो म्हणाला. "चांगला माणूस. एंट्रीच्या आधी विंगेत उभा राहून मला रोज नमस्कार करतो. रजा टाकायलाही माझी ना नाही. पण रजा घेऊन जाऊ कुठे? बाहेर दिवस असतो."

हा मुद्दा बिनतोड होता. इंदुमतीने समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाटक बघा की."

"नाटक मी रोजच बघतो."

"मागून बघता. कधी समोरून बघितलंय? खुर्चीत बसून?"

कोपऱ्यातली एक फळी कुरकुरली, म्हणजे अंधार उठून उभा राहिला असावा.

अर्ज दुसऱ्या दिवशी गेला. रजेचं कारण म्हणून "नाटक बघणे" असं लिहिलेलं होतं. पाचपुत्यांनी ते खोडून "वैयक्तिक काम" केलं आणि मग खरी अडचण सांगितली. नाटक अंधाराशिवाय होत नाही. नाटकात फौजदारी मामला होता, पहिल्या अंकात खून पडत होता आणि प्रवेश संपल्यावर प्रेताला उठून आत जावं लागत होतं. तेवढ्यापुरता तरी अंधार हवा. बदली कर्मचारी दिल्याशिवाय रजा मंजूर होणार नव्हती.

चौकशी करता रेकॉर्ड रूममधला अंधार मोकळा आहे असं कळलं. तो आकाराने लहान होता, निवृत्तीला आला होता आणि कलेच्या क्षेत्रात त्याने कधी काम केलेलं नव्हतं. पण वक्तशीर होता. शुक्रवारी संध्याकाळी बदलीचा हुकूम निघाला.

शनिवारी दुपारी चारला प्रयोग सुरू झाला, आणि प्रेक्षकांना पहिल्यांदाच एकमेकांची तोंडं दिसली. अंधार रजेवर असल्यामुळे सगळीकडे उजेड होता. कोण कोणाशेजारी बसलंय, कोण घरून डबा घेऊन आलंय, परीक्षकांपैकी कोण आधीच पेंगायला लागलाय, सगळं लख्ख दिसत होतं. फक्त सातव्या रांगेतली मधली एक खुर्ची काळीभोर होती. अंधार तिकीट काढून रीतसर तिथे बसला होता. शेजारच्या बाईंनी त्याला विचारलं, "तुमचं कुणी आहे का नाटकात?" तो म्हणाला, "सगळेच."

रेकॉर्ड रूममध्येही त्या दुपारी लख्ख उजेड पडला आणि अकरा वर्षांपूर्वी गहाळ झालेल्या चार फायली सापडल्या. त्यामुळे दोन साहेबांची तब्येत बिघडली. पण तो वेगळा विषय आहे.

खून वेळेवर पडला. प्रेताचं काम दिग्दर्शक मोरेश्वर तांबट स्वतः करत होते. मग डाव्या दारातून डॉक्टर आले, म्हणजे अच्युतराव. ते नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले, तोंड उघडलं, आणि तसेच राहिले.

इंदुमतीने कॅमेऱ्यातून पाहिलं. अच्युतराव घाबरले होते. छत्तीस वर्षं त्यांनी आवाजाने अभिनय केला होता. चेहरा दिसतोय म्हटल्यावर त्याचं काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं. त्यांनी एक भुवई वर केली. ती खाली आणायची कशी, हे आठवेना. पुढचं वाक्यही आठवेना. सगळं नाट्यगृह त्यांच्याकडे बघत होतं आणि तेही सगळे त्यांना एकेक करून दिसत होते.

त्यांची नजर भिरभिरत सातव्या रांगेत आली आणि काळ्या खुर्चीवर थांबली. तिथून हळूच आवाज आला, "यांना जाऊन दोन तास झालेत."

अंधाराला सगळी नाटकं तोंडपाठ होती. कोपऱ्यात उभं राहून त्याने दुसरं केलं काय होतं?

अच्युतरावांचा चेहरा मोकळा झाला. भुवई आपोआप खाली आली. ओळखीचं माणूस भेटल्यावर येतं तसं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत आलं आणि त्यांनी ते वाक्य असं म्हटलं, की पेंगणारा परीक्षक जागा होऊन सरळ बसला. इंदुमतीने बटण दाबलं. श्वास रोखायची गरजच नव्हती, पण सवयीने रोखला होता.

पुढे प्रवेश संपला, तेव्हा मात्र अंधार पडेना. रेकॉर्ड रूमचा अंधार विंगेत तयार होता, पण लेखी आदेशाशिवाय पडायला तो तयार नव्हता. विंगेतून कोणीतरी कागद सरकवला. प्रेताने उठून त्यावर सही केली, खाली तारीख घातली आणि परत पडलं. मग अंधार झाला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. स्पर्धेत नाटकाला "तांत्रिक नावीन्य" म्हणून उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

सोमवारी अच्युतराव फोटो न्यायला आले. त्यांनी तो हातात घेतला, खिडकीशी नेला, लांब धरला, जवळ धरला.

"असा दिसतो होय मी," ते म्हणाले. "बरा दिसतो की."

"चांगले दिसता."

"कोणाकडे तरी बघतोय असं वाटतं."

"बघतच होतात," इंदुमती म्हणाली. त्यांनी मान हलवली. फोटो रुमालात गुंडाळून छातीशी धरला आणि जाताना वाट वाकडी करून नाट्यगृहावरून गेले. चौकीदार सांगत होता, रिकाम्या रंगमंचावर डाव्या कोपऱ्यात ते तासभर बोलत उभे होते आणि निघताना त्यांनी वाकून नमस्कार केला.

त्यानंतर चारपाच दिवसांनी इंदुमती स्वतः नाट्यगृहात गेली. शनिवारी मध्यंतरात तिने सातव्या रांगेतल्या खुर्चीचाही एक फोटो काढला होता आणि तो मोठा करून आणला होता. अंधार परत कामावर रुजू झाला होता. त्याचा इतक्या वर्षांत कोणी फोटो काढलेला नव्हता, तेव्हा तो फार संकोचला. प्रत हातात घेऊन त्याने बराच वेळ निरखली. कागद या कडेपासून त्या कडेपर्यंत काळा होता.

"आवडला नाही का, दादा?"

"तसं नाही. छानच आहे. नाक तर अगदी आमच्या वडिलांचं आलंय." तो जरा घुटमळला. "पण डोळे मिटले गेलेत माझे."

इंदुमतीने प्रत दाराच्या उजेडात नेली आणि नीट पाहिली. खरोखरच मिटलेले होते.

"बसा तसेच," ती म्हणाली, आणि खांबाला पाठ टेकवली. "दुसरा काढते."