ऑरेल थिबो यांणीं सेंट-ऑडचा बर्फकोट राखिला त्याची हकीकत

श्री. उत्तर दिशेस क्यूबेक प्रांतीं, जेथें हिवाळ्यांत नदीचाच रस्ता होतो, तेथें सेंट-ऑड नामें कसबा. तेथील लाकूडगिरणीचे करवतकरी, अखंडितलक्ष्मीअलंकृत ऑरेल थिबो, बर्फबहाद्दर, आइस हॉकीचे फौजेंत बचावाचे सरदार, यांचे कारकिर्दीचें वर्तमान जैसें घडलें तैसें लिहिलें असे.

थिबोराव यांणीं उभ्या हयातींत गोल म्हणोन केला नाहीं. गनीम चालोन आला कीं आडवें पडावें, रबरी चकती अंगावर घ्यावी, आणि गोलकीपर गास्तों ब्यूरो यांचें तख्त राखावें, हीच चाकरी. ऐसें करितां दांत खर्ची पडले, नाक फितूर होऊन डावे बाजूस मिळालें, आणि मग वर्तमानपत्रीं तसबीर गास्तों यांचीच छापिली जाय. थिबोराव हंसत, परंतु दांतांवांचून तें हंसणें कीं रडणें, कोणास उमजत नसे.

शेवटली मोहीम ला-मोतकरांशीं, करंडकासाठीं नेमिली. सकाळीं वाटाण्याचें सूप वाढितां कबिला बर्तील बाईसाहेब यांचें फर्मान सुटलें,

"आज आडवे पडलात, तर घरी आडवं पडायला जागा मिळायची नाही!"

"अगं, उभ्यानंच खेळेन."

"तुम्ही? लग्नात तरी धड उभे होतात का? कुबड्या घेऊन आलात!"

खेळ सरत आला, सेंट-ऑड एका गोलानें सरस, आणि ला-मोतचा हरावल, म्हणजे आघाडीचा गडी, लाव्हिन्य तोफेच्या गोळ्यासारिखा सुटला. गास्तों भलत्याच अंगास गेले, तख्त उघडें पडलें. थिबोरावांस फर्मान स्मरलें, आणि मग ते आडवे पडलेच. फत्ते जाहली, गुडघा कायमचा जाया जाहला. बाईसाहेब बहुत कोपल्या, आणि बिछाना शेगडीजवळ घातला.

त्याउपरि बहुत वर्षें लोटलीं. नगरसभेनें नवें बर्फगृह उभारिलें आणि गास्तों यांचें नांव द्यावें ऐसा ठराव केला. समारंभास थिबोराव मागले बाकावर बसोन मनापासोन टाळ्या पिटीत होते. नगराध्यक्षांनीं पडद्याची दोरी गास्तों यांचे हातीं दिली. गास्तों यांणीं ती मुठीस गुंडाळिली आणि खुर्चीवर बसले.

"अहो, ओढा ना!"

"नाही ओढत. मी काय राखलं? मला चकती कधी दिसलीच नाही. मध्ये कायम ऑरेलचं ढुंगण!"

सभेंत हाहाकार जाहला. नगराध्यक्ष म्हणाले, "पाटी रंगवून झालीय हो!"

"मग खरडा."

थिबोराव काठी टेकीत उठले. "गास्तों, येडेपणा करू नकोस. लोक गारठलेत."

"तू बस रे! जन्मभर मध्ये मध्ये आलास, आज नको येऊस."

निरुपाय होऊन नगराध्यक्षांनीं, थिबो यांचें नांव द्यावें काय, ऐसा कौल मागितला. पहिला हात बर्तील बाईसाहेबांचा उठला.

"अगं, खाली घे हात!"

"गप्प बसा." बाईसाहेबांणीं दुसराही हात वर केला. "तिसरा असता तर तोही वर केला असता."

आणि मग लोकरी हातमोज्यांचें रान उठलें. थिबोराव एकेकास विनवीत फिरले, परंतु एकही हात खालीं आला नाहीं.

ऐशी सेंट-ऑडकरांची सरशी जाहली आणि पाटीवर थिबो हें नांव चढलें. सरदारांस जन्मांत हा एकच हल्ला परतवितां आला नाहीं, ऐसी नोंद असे.