सखूबाईच्या घराचा फोटो

सखूबाई कुठेही बसण्याआधी जागा झाडते. मुलांनो, नुसत्या स्वतःच्या घरात नव्हे. चिकूच्या झाडाखाली, एसटीच्या थांब्यावर, एकदा तर डहाणू रोडच्या बँकेत, मॅनेजरच्या टेबलासमोर. केरसुणी नसली तर पदराने. इथे घोलवडला आपल्या वाडीत ती तीस वर्षं चिकू निवडायला येते आणि मागच्या पाड्यावर एकटी राहते. कुणी घाई केली की तिचं उत्तर ठरलेलं, "थांब रे, खाली केर आहे."

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात रेशनच्या रांगेसाठी दुकानासमोर फक्कीने गोल आखले होते, माणशी एक. सखूबाई सगळ्यांच्या आधी पोचली आणि तिने सगळे गोल झाडून टाकले. दुकानदार ओरडला, "म्हातारे, ते अंतर ठेवायला होते!"

"मग ठेव ना अंतर," ती म्हणाली. "त्याला फक्की कशाला सांडतोस?"

हसा खुशाल, पण तिचं घर कसं आहे ते ऐका. कारवीच्या कुडाच्या चार भिंती, छपरावर निळं प्लास्टिक. मागची भिंत वादळात कलली, तिला बांबूचा टेकू, आणि खालून कुत्रं आरपार जाईल एवढं भगदाड. त्या दिवसांत टीव्हीवर सारखं सांगत होते, घरात राहा, सुरक्षित राहा. ते ऐकून माझं डोकं तापायचं. कुठल्या घरात?

मीच तिचा घरकुलाचा अर्ज भरला. मग सर्व्हेचा नीलेश मोबाइलवर घराचा फोटो काढायला आला. सखूबाईने त्याला दोन तास बसवून ठेवलं. अंगण सारवलं, पुढच्या भिंतीला गेरू लावला, दारावर आंब्याची डहाळी बांधली. नीलेशही बिचारा शेवटी पाण्याच्या बादल्या उचलू लागला. फोटो फार सुरेख आला.

यादी लागली तेव्हा तिचं नाव नव्हतं. शेरा होता, 'घर सुस्थितीत'.

मी तिला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. क्लार्कने कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. "मॅडम, तुम्हीच बघा. आमच्या क्वार्टरपेक्षा छान आहे."

"आहेच मुळी!" सखूबाई खुलून म्हणाली.

"मागची भिंत येऊन बघा," मी म्हणाले.

"फोटोत मागची भिंत नाही, मॅडम."

म्हणजे गरिबाने गरीब राहणं पुरत नाही, गबाळंही दिसायला हवं! अंगणात घाण ठेवली असती तर हिला पक्कं घर मिळालं असतं. झाडलं, म्हणून मिळालं नाही. एवढे साहेब, एवढे कॉम्प्युटर, आणि घराला मागची बाजू असते हे एकालाही सुचू नये? मी तिथे इतक्या मोठ्याने बोलले की शिपायाने मला पाणी आणून दिलं.

यंदा पुन्हा सर्व्हे आला. आदल्या दिवशी मी बजावलं, "उद्या झाडायचं नाही. फोटो मागून काढायचा." दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर अंगण आरशासारखं, आणि सखूबाई पुढच्या दारात उभी.

"आजी, मागे चला ना," नीलेश म्हणाला. "ॲपमध्ये एकच फोटो जातो."

"इथूनच काढ."

"तुला घर हवंय की नको?" मी चिडले.

"हवंय, बाई. येत्या पावसात भिंत जाईल, मला कळत नाय का?"

"मग हा हट्ट कशाला?"

तिने नीलेशच्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं. "सरकारच्या मोबाइलातला फोटो सगळीकडे दिसतो ना? काशिनाथ बघेल."

काशिनाथ तिचा एकुलता मुलगा. कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात वापीला कारखान्यात होता, भाड्याच्या खोलीत. भाड्यासाठी कुणाला बाहेर काढू नका, असं टीव्हीवर सांगत होते. मालकाने त्याचं सामान रस्त्यावर ठेवलं. तो चालत निघाला. हद्दीवर, तलासरीच्या नाक्यावर अडवलंय, असा त्याचा एक फोन आला. त्यानंतर नाही. पोलीस चौकी, हॉस्पिटल, सगळं झालं. एवढी वर्षं गेली, तिने माझ्यासमोर त्याचं नाव काढलं नव्हतं.

"मागची बाजू बघितली तर त्याला वाटेल घर पडलं, आई गेली," ती म्हणाली. "मग तो कशाला येईल?"

हे फोटो कुठे जातात, मला ठाऊक होतं. नीलेशलाही होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पुढूनच काढ.

सखूबाई अंगणात उभी राहिली, पदर सारखा केला. मग काहीतरी आठवून मागे वळली, दाराची कडी काढली आणि दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत ढकलल्या.

"दार उघडं दिसू दे," ती म्हणाली.